कवेलूंवरचे दात

१२ जाने. ५८, रविवार
मुंबईच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतून एक डॉक्टर आलेत. मुक्काम डाकबंगल्यात. लेकरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करणार. समुद्रापार अणुबाँब फुटतात, त्यांची राख पावसातून गवतात, गवतातून म्हशीत, दुधातून पोरांच्या हाडांत. किती उतरली ते दात जाळून मोजायचं म्हणे. म्हणजे वाशीमला गाडी वेळेवर येत नाही, पण बाँब आला. साप्ताहिकातल्या माझ्या सदराला आयता विषय.

१४ जाने., संक्रांत
सौ.चा तिळगूळ यंदाही दगड. भाजीवाल्या गंगूबाईच्या नातवाचा, किसनचा, पुढचा दात त्यातच अडकून आला. पोराची आई बाळंतपणात गेली. तेव्हापासून आमच्याकडचं वाटीभर दूध रोज त्याचं. गंगूबाईनं दात मुठीत धरला.
"भाऊ, लेकराच्या अंगात बाँब असन का जी?"
"असता तर तू कवाचीच उडाली असती."
हसली. पण पोराचा हात सोडला नाही.

१६ जाने.
अख्खा मोहल्ला शिड्या लावून कौलारू छपरांवर! आपल्याकडे पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कवेलूंवर फेकायचा, उंदराला सांगायचं, माझा घे, तुझा दे. लोकांनी वर्षानुवर्षांचं ते पीक खरवडून डॉक्टरांपुढे टोपल्यांनी ओतलं. डॉक्टरांचा चेहरा पाहण्यासारखा. सगळ्यांवर तोच राखेचा पाऊस पडलेला, वर शेण, आणि कोणता दात कोणाचा, कोणत्या सालचा, पत्ता नाही.
"मला पोरांच्या आतलं मोजायचंय हो, छपरावरचं नाही!"
गंगूबाई कडाडली, "मंग पह्यलेच सांगाचं होतं नं सायेब! आमी काय हौसेनं चढलो का कवेलूवर?"
किसनचा ताजा दात मात्र घेतला. पण तुलनेला बाँबच्या आधीचे, घरात कोरडे जपलेले दात हवेत. त्याशिवाय या पोरांच्या दातात नवं काय आलं ते सांगता येणार नाही. तसा एखादा मिळाला तरी सोनं, म्हणाले.
हे सगळं घरी रंगवून सांगितलं. सौ. हसली नाही. फडताळाकडे बघत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात…

१७ जाने.
चिमीचा दात. त्रेचाळीसचा उन्हाळा, आमची चिमी सहा वर्षांची. फेकायला साफ नकार. "उंदराले माहा दात देला तं तो मलेच चावन." बिनतोड. बापावर गेली होती. फुटाणे चावता येईनात, तर चोखून मऊ करायची आणि टरफलं माझ्या हातावर ठेवायची. मी पद्मतीर्थाच्या तळ्यापर्यंत ती मुठीत घेऊन चालायचो. दिवाळीआधी विषमज्वरानं गेली. जगात अजून बाँब नव्हता.
दात सौ.च्या कुंकवाच्या करंड्यात, खालच्या कप्प्यात, कापसात गुंडाळलेला.
डॉक्टरांना विचारलं, परत मिळतो का? "नाही. जुने सगळे एकत्र जाळावे लागतात." भला माणूस. खाली बघून बोलला.
सौ.ला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "एकदा जाळलंच नं तिले."
 

१८ जाने.
किसन दुधाला आला. सौ.नं वाटी भरली आणि हातातच धरून ठेवली.
"अहो, देऊ का नको?"
"मले काय माहीत?"
"मंग कोनाले माहीत?"
पोरगं हात पुढे करून उभं. शेवटी दिली. त्या खिंडारातून आवाज काढत प्यायला, पांढऱ्या मिशा आल्या. तिनं पदरानं पुसल्या. अगदी तश्शाच, खालून वर. पंधरा वर्षांत तो हात मी पाहिला नव्हता.
सदर लिहायला बसलो. शीर्षकापुढे सरकलं नाही.

१९ जाने., रविवार
डॉक्टर सकाळच्या गाडीनं गेले. सौ. उजाडताच बालाजीला जाऊन आली. डाकबंगला त्या वाटेवर नाही. पण चपलांना लाल मुरूम होता, आणि तो तिकडचाच.
विचारलं नाही. तिनं करंडा काढला, कुंकू लावलं, झाकण बसवून फडताळात ठेवला. मी कान देऊन होतो. आत काही वाजलं नाही.
पण कापसातला दात तसाही वाजत नाही.