थडग्यावरचा पालथा कप

१४ मे, मंगळवार

आजही गोळी गेली!

नवऱ्याला, लाफाएलेला, जाऊन चाळीस दिवस झाले. जिवंत होता तेव्हा रक्तदाबाच्या गोळीसाठी झाडू घेऊन मागे लागावं लागे. आता सकाळी दारासमोरच्या थडग्यावर कोको, नीरफणसाची फोड नि गोळी ठेवते, तर दुपारपर्यंत सगळं फस्त. मेल्यावर शहाणा झाला म्हातारा!

मला अक्षर येत नाही, नात पेपे लिहिते. म्हणते, "कोंबड्या असतील, आजी." कोंबड्या कप पुसून पालथा घालतात होय गं? तसा तो एकटाच घालायचा.

पेपेची पेन्सिल थांबली. म्हटलं, हेही लिही.

१८ मे

शेवटचं पाकीट. दहा गोळ्या. उद्या पाद्री निरोपाची प्रार्थना म्हणणार — मग म्हातारा लांब निघाला. शिदोरी म्हणून सकाळी सगळ्याच ठेवीन.

२२ मे, इस्पितळ

आहे अजून.

रविवारी प्रार्थनेतच बाकावरून घसरले. दाबाचा वरचा आकडा पन्नास, नाडी पस्तीस! पेपेने रिकामं पाकीट दाखवलं म्हणून डॉक्टरणीला कळलं, औषध कोणतं ते. आसियाता तिचं नाव, राजधानीत, अपियात शिकलेली. शिरेत मिठाचं पाणी, मग कॅल्शियम — दाब हलेना. मग शिरा आवळणारं औषध. वर इन्सुलिन, साखरेच्या पाण्याबरोबर.

"अगं, मला मधुमेह नाही!"

"हृदयाला बळ यायला आहे, आजी. भांडू नका."

दोन दिवस नळ्यांच्या जाळ्यात. आज तिने विचारलं, "एवढ्या गोळ्या का खाल्ल्या, आजी?"

"मी कुठे? म्हाताऱ्याने!"

पेपे रडायलाच लागली. "आजी, तूच. रोज थडग्यावर बसतेस, कोको पितेस, गोळी घेतेस, कप पालथा घालतेस. आजोबांच्या आवाजात बोलतेस."

मला काही आठवत नाही.

"मग सांगितलं का नाहीस, भवाने?"

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये, तूच शिकवलंस. तुम्ही दोघं बोलत होतात."

२३ मे

झोप नाही. दोघं?

३० मे

घरी. आता घरात गोळी नाही; माझ्या गुडघेदुखीच्यासुद्धा पाद्रीणबाईंच्या कपाटात, कुलपात.

आज थडग्यावर नुसता कोको ठेवला. सकाळभर पेपेने माझा हात सोडला नाही — परसाकडेही बरोबर! दुपारी दोघींनी जाऊन पाहिलं.

कप पालथा. पुसलेला.