मधल्या सुट्टीच्या घंटेविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, न्यायालयातून निवृत्त झालेला टंकलेखक, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, तारीख-वार विचारले आणि डोके ठिकाणावर असल्याचे सांगितले. चौतीस वर्षे दुसऱ्यांनी सांगितलेलेच टाइप केले, म्हणून हा कागद हाताने लिहिला आहे. अक्षर वाकडे आहे, पण थरथरतो तो हात, बुद्धी नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम एक. बँकेतील ठेवी आणि तिच्या आईचे दागिने माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावेत. आईच्या आजारपणात तिने नोकरी सांभाळून जे केले ते मी पाहिले आहे. मला मुलगा नाही म्हणून जन्मभर हळहळणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. तिला आता कमी ऐकू येते.

कलम दोन. धाकटा भाऊ वर्षातून दोनदा भेटायला येतो आणि दोन्ही वेळा बोलता बोलता भिंतींना ओल आली आहे का ते चाचपून बघतो. त्याला माझी छत्री द्यावी. बाकी काही नाही.

कलम तीन. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचा व्हरांडा, हे मी बसस्थानकामागे खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या वेल्डरला देतो. तो माझा नातेवाईक नाही, मित्रही नाही. लेकीला हे पटलेले नाही. "ज्याची नऊ वर्षं गेली, त्याला भिंती देऊन काय होणार, बाबा?" असे ती म्हणाली. तिचे खरे आहे. पण माझ्याकडे द्यायला दुसरे काही नाही, आणि तसेच मरायचे धाडस होत नाही.

कारण लिहितो. आमच्याकडे साक्षीदाराचे बोलणे जसेच्या तसे उतरवत नसत. साक्षीदार बोलायचा, न्यायाधीश त्याचा गोषवारा सांगायचे, मी तो टाइप करायचो. मग तो मजकूर साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' अशी ओळ घालायची, असा नियम. काम तुंबलेले असे. म्हणून आम्ही टंकलेखक ती ओळ सकाळीच कोऱ्या कागदांच्या तळाशी टाइप करून ठेवत असू. वाचायचे राहिले तरी कागद तक्रार करत नसे. ही युक्ती मला माझ्या आधीच्या टंकलेखकाने शिकवली आणि मी ती पुढच्या दोघांना शिकवली.

गोदामाच्या रखवालदाराचा भरदुपारी खून झाला. आदल्या दिवशी त्याच्याशी भांडलेला म्हणून हा वेल्डर, तेव्हा सव्वीस वर्षांचा, पकडला गेला. त्याच्या बाजूने एकच साक्ष होती, इस्त्रीवालीची. ती म्हणाली, "माझ्याकडं घड्याळ नाही. पण शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा हा माझ्यासमोर शर्ट घ्यायला उभा होता." खून त्याच सुमारास, गावाच्या दुसऱ्या टोकाला झाला होता. साहेबांनी गोषवारा सांगितला: 'माझ्याकडे घड्याळ नसल्याने मला नेमकी वेळ सांगता येत नाही.'

माझे हात थांबले. साहेबांनी काय झाले म्हणून विचारले. मी म्हणालो, यंत्राची फीत अडकली.

साहेब दुष्ट नव्हते. सकाळपासून अकरा साक्षी झाल्या होत्या आणि सगळ्यांनाच भूक लागली होती. माणसाचे आयुष्य मातीत घालायला मोठे पाप लागतेच असे नाही, जेवणाची वेळ टळून गेलेली असली तरी पुरते. मी मजकूर वाचून दाखवला नाही. तळाची ओळ तयारच होती. इस्त्रीवालीला वाचता येत नव्हते, तिने अंगठा उठवला. बाहेर जिन्यावर तिने मला गाठले. "साहेब, मी बोलले ते सगळं लिहिलंत ना?" मी हो म्हणालो. आयुष्यात मला साहेब म्हणणारी ती पहिलीच.

निकालही मीच टाइप केला. त्यात 'सदर साक्षीदारास वेळ सांगता आलेली नाही' असे वाक्य आहे. त्याला जन्मठेप झाली; नऊ वर्षांनी वरच्या न्यायालयाने केवळ संशयाचा फायदा देऊन सोडले. वेल्डर आत असतानाच त्याची आई गेली, इस्त्रीवालीही गेली. मी मात्र बढती घेतली, निवृत्त झालो, नीट जेवलो आणि झोपही लागली. अपराध्याला झोप लागत नाही, ही समजूत खोटी आहे. गरिबाचा शब्द हवेत विरतो आणि कागद उरतो, मग जग कागदालाच खरे मानते. या जगाची रचनाच अशी आहे असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले. पण त्या दिवशी यंत्रासमोर रचना बसलेली नव्हती, मी बसलो होतो.

कलम चार. वर दिलेले कोणी नाकारले, तर ते लेकीकडे जावे.

पुरवणी. आज सकाळी वेल्डरला बोलावून वरचा मजकूर वाचून दाखवला. शब्दन् शब्द, सावकाश. तो रागावला नाही, रडलाही नाही. घंटेचे वाक्य त्याने पुन्हा एकदा वाचायला लावले. मग साक्षीदार कोण आहेत ते विचारले. एक डॉक्टरीणबाई, दुसरा अजून ठरायचा आहे, असे मी सांगितले. त्याने पेन मागितले. जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला या कागदातून काही मिळत नाही, हे मी त्याला बजावले. तो म्हणाला, "ठाऊक आहे. आत कायदाच वाचत होतो."

मी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला.

"घर घेतलं, तर घरासाठी म्हाताऱ्याकडून लिहून घेतलं म्हणतील. मला घर नको. हे खरं ठरू दे."

कलम तीन रद्द समजावे. कारण मात्र खोडू नये.

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०१९, शनिवार

लिहून ठेवणार : (सही) निवृत्त टंकलेखक

आमच्या समक्ष सही केली :
१. (सही) डॉक्टरीणबाई
२. (सही) वेल्डर. मजकूर स्वतः पुन्हा वाचला, बरोबर आहे.