संतोषच्या नावाचा कप

सोम. ५ ऑगस्ट १९९६

प्रिन्सिपॉल मॅडम कुठल्याशा सेमिनारहून प्रश्नावली घेऊन आल्यात. मुलांमध्ये 'स्कूल स्पिरिट' किती आहे ते मोजायचं. डिसेंबरात शाळेला पंचवीस वर्षं होणार, स्मरणिकेत छापायला आकडे हवेत. दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. शाळेचं गीत म्हणताना अभिमान वाटतो का, हाऊससाठी त्रास सोसाल का, वगैरे. खाली चार रिकाम्या ओळी, आणखी काही सांगायचं असेल तर. नाव लिहायचं नाही.

गणित शिकवते म्हणून बेरजा माझ्या गळ्यात. 'सरी' म्हटलं, इथलं कन्नड 'बरं'. अठरा वर्षं इथे काढली, नाही म्हणायची सवयच...

बुध. ७ ऑगस्ट

दहावी ब मध्ये फॉर्म वाटले. प्रकाशनं हात वर केला. "मिस, खरं लिहायचं की चांगलं?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. म्हटलं, खरं लिही, नावच नाही तर भीती कसली.

नंदिनीनं सगळ्यात शेवटी दिला. रेड हाऊसची कॅप्टन, मॅचला ओरडायला लागली की ग्राउंडवरचे कावळे उडतात. एरवी सगळ्यांत आधी उठणारी. फॉर्म पालथा घालून ठेवला आणि गेली.

गुरु. ८ ऑगस्ट

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरले. आठवीची पोरं भाबडी, पाचाखाली उतरतच नाहीत. नववीत तीन. दहावीत दोन, कुठे एक.

खालच्या ओळी वाचण्यासारख्या. 'प्रिन्सिपॉल बघत असताना ओरडणे म्हणजे स्कूल स्पिरिट.' 'ओरडलो नाही तर हाऊसचे पॉइंट कापतात.' 'मॅच बघायला थांबवून घेता, माझी महादेवपुऱ्याची बस जाते.' एकानं नुसतं 'भूक लागते' एवढंच. ह्यांना वाचून दाखवलं, हसले.

मग दहावी ब मधला एक. कॅपिटल अक्षरांत. दहाही प्रश्नांना १.

तो बाजूला काढून ठेवला. बेरजा तशाच राहिल्या.

शुक्र. ९ ऑगस्ट

लिहूनच ठेवते. फॉर्मवर इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ असा:

'रिले प्रॅक्टिसच्या दिवशी संतोषला ताप होता. त्यानं मिसना सांगितलं. मिसनी कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, हाऊससाठी एवढं कर. आता त्याच्या नावाचा कप देतात आणि आम्ही टाळ्या वाजवतो.'

ती मिस मी.

हे आजवर कुठेच लिहिलं नाही. या रोजनिशीतसुद्धा. गेल्या वर्षीची वही काढून बघितली. 'संतोष जाधव, ९ ब, ग्राउंडवर पडला. हॉस्पिटलमध्ये नेलं.' एवढंच आहे.

रेड हाऊसची इन्चार्ज मी. दुसऱ्या दिवशी फायनल. चौथा पळणारा त्याच्याशिवाय कुणी नव्हता. कपाळ गरम लागलं. वाटलं, उन्हानं असेल. नाही, तसं वाटलं नव्हतं. ताप आहे हे कळलं होतं. तिसऱ्या फेरीला पडला. तीन दिवसांनी गेला. डॉक्टर म्हणाले, तापात हृदयाला सूज आली होती, पळायला नको होतं.

मग शाळेत म्हणायला लागले की पोरानं हाऊससाठी ताप लपवला. कुणी सुरू केलं माहीत नाही. मी खोडून काढलं नाही. मग ते असेंब्लीत माइकवरून सांगितलं गेलं. मग कप आला, 'संतोष स्पिरिट कप'.

फॉर्म कुणाचा तेही कळलं. अक्षर कॅपिटल असलं तरी आकडे लपत नाहीत. १ ला वर शेंडी आणि खाली पाय काढणारी वर्गात एकच. नंदिनी.

सोम. १२ ऑगस्ट

तो फॉर्म कपाटात ठेवला, बाकीचे नेऊन दिले. प्रिं.नी तिथेच मोजले. "सुधा, दहावी ब चा एक कमी आहे." मी म्हटलं, घरी राहिला असेल, उद्या आणते.

फाडून टाकता आला असता. चहा सांडला म्हणता आलं असतं. तेव्हा काही सुचलंच नाही.

मंगळ. १३ ऑगस्ट

नेऊन दिला. प्रिं.नी दोनदा वाचला. उठून दार लावलं.

"अक्षर कुणाचं?"

"कॅपिटल आहे मॅडम. कळत नाही."

"आणि ही मिस कोण?"

"कळत नाही."

शिक्षा करायची नाही म्हणाल्या, समजूत घालायची आहे. बाहेर आले तर हाताला खडू लागलेला. खडू कधी उचलला आठवत नाही.

गुरु. १५ ऑगस्ट

झेंडावंदन. कप द्यायला संतोषच्या वडिलांना बोलावलं होतं. जाधव. चिकपेटेत साड्यांच्या दुकानात कामाला आहेत. निपाणीकडचे, घरी मराठी. या शाळेत मराठी बोलणारी मी एकटी, म्हणून ॲडमिशनच्या वेळी आधी मला शोधत आले होते. "अक्का, तुमच्या भरवशावर घालतोय पोराला."

प्रिं.नी माइकवर परत तीच गोष्ट सांगितली. ताप लपवला, हाऊससाठी धावला. जाधव स्टेजवर पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, हात जोडून. कप ब्लू हाऊसला मिळाला. थ्री चीअर्स संतोषच्या हाऊसची कॅप्टन म्हणून नंदिनीनं द्यायचे होते. दिले. मोठ्यानं. तिन्ही वेळा माझ्याकडे बघत होती.

लाडू वाटताना जाधव माझ्यापाशी आले. "पोरगं तुमच्यापाशीसुद्धा बोललं नाही बघा अक्का. सकाळी आईला म्हणत होतं अंग दुखतंय म्हणून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बसवलं असतं त्याला."

हातात लाडू होता. मी म्हटलं, "हो."

सोम. १९ ऑगस्ट

प्रकाशला धरलं. त्या दिवशी त्यानं वर्गात विचारलेलं कुणीतरी प्रिं.च्या कानावर घातलं. त्याच्या वह्या मागवल्या, अक्षर जुळतं म्हणाल्या. जुळत नाही. तो नाही म्हणाला तर उद्धट ठरला. उद्यापासून घरी बसायचं, आठवड्यात कबूल केलं नाही तर टी.सी. दहावीच्या पोराला ऑगस्टात कोण घेणार? वर्ष गेलंच.

दुपारी त्याची आई ऑफिसबाहेर उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला कन्नडात विचारत होती, माझ्या मुलानं काय चोरलं? मी तिच्या बाजूनं गेले. मलाही विचारलं. मी म्हटलं काही चोरलं नाही, आणि पुढे गेले.

मंगळ. २० ऑगस्ट

ह्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. मग म्हणाले, "आता सांगून पोरगा परत येणारे का?" थोड्या वेळानं, "नोकरी जाईल. पोलीसही येतील कदाचित." मग चपला घालून बाहेर पडले आणि अर्ध्या तासानं कोथिंबीर घेऊन आले. घरात कोथिंबीर होती.

बुध. २१ ऑगस्ट

रिकाम्या तासाला नंदिनी आली. स्टाफरूममध्ये मी एकटी. बस म्हटलं तर बसली नाही.

"मिस, मी प्रिन्सिपॉलना सांगणार आहे. तो फॉर्म माझा."

"मला माहीत आहे."

"तुम्ही ओळखाल हे मलाही माहीत होतं. म्हणूनच लिहिलं."

मी विचारलं, मग वर्षभर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडतेस ती कशाला?

म्हणाली, त्या दिवशी ती संतोषच्या मागेच उभी होती, सगळं ऐकलं. तो माझ्याकडून परत रांगेत आला तेव्हा त्याला म्हणाली, पळ रे, नाटकं करू नको. "तुमच्याआधी मीच... नाही, तुमच्यानंतर. पण म्हटलं मीपण." रडली नाही. "मला वाटायचं तुम्ही सांगाल. रोज असेंब्लीत वाटायचं, आज सांगतील."

उद्यापर्यंत थांब म्हटलं. मी जाते.

गुरु. २२ ऑगस्ट

गेले. सांगितलं, ती मिस मी, प्रकाशचा काही संबंध नाही. उभ्याउभ्याच.

प्रिं. ओरडल्या नाहीत. पाणी दिलं. "हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं समजू या, सुधा." फॉर्म माझ्यासमोर फाडला. प्रकाश परवापासून येईल. कुणी लिहिला ते विचारलंही नाही, आता गरजच नव्हती.

"डिसेंबरपर्यंत शाळेच्या नावाचा विचार करा. त्या बापाचाही करा. मुलगा शूर होता, एवढंच त्याच्यापाशी राहिलंय. तेही काढून घेणार?"

मी म्हटलं, सरी मॅडम.

जिना उतरेपर्यंत हलकं वाटत होतं. खरंच हलकं. तेच आता आठवून...

शनि. २४ ऑगस्ट

प्रकाश वर्गात आला. मागच्या बाकावर बसला. फळ्यावर मुद्दाम चूक केली, एरवी ती पहिल्यांदा त्यालाच दिसते. मान खाली घालून चूक तशीच वहीत उतरवून घेतली.

तास संपल्यावर नंदिनीनं कॅप्टनचा बॅज माझ्या टेबलावर ठेवला.

"संतोषच्या वडिलांना सांगितलं?"

"नाही."

"ठीक आहे, मिस." आपण बँकेत कारकुनाला म्हणतो ना, तसं.

रवि. २५ ऑगस्ट

चिकपेटेत गेले. ह्यांना साडी घ्यायची म्हणून सांगितलं. गौरीची खरेदी सुरू झालीय, रविवार असून दुकान उघडं, पाय ठेवायला जागा नाही. जाधव गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. मला बघून उठले, तोंडभर हसले. "या या अक्का. काय दाखवू?" दुकानातल्या पोराला चहा आणायला पिटाळलं.

म्हटलं, आधी ऐका. दोन्ही बाजूंनी बायका रेटत होत्या, हा रंग दाखवा, तो दाखवा. त्यातच सांगितलं. संतोषनं मला सांगितलं होतं, ताप आहे म्हणून. मी हात लावून बघितला. तरी पळ म्हटलं.

ते घडी घालत राहिले. चुकली. उलगडली, परत घातली.

"हात लावून बघितला तुम्ही?"

"हो."

"लई तापला होता?"

"हो."

"म्हणजे लपवलं नव्हतं त्यानं."

"नाही."

मालकानं पलीकडून हाक मारली. जाधव उठले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा येईल. पिऊन जावा."

चहा आला. प्यायले. समोर ठेवलेला तसाच टाकून कसं उठायचं कळेना. जाधव परत आले नाहीत. वरच्या मजल्यावर गेलेत, पोरगा म्हणाला.

सोम. २६ ऑगस्ट

पहिला तास रिकामा. स्टाफरूममध्ये लिहितेय.

सकाळी गेटमधून आत आले तर ऑफिसबाहेरच्या बाकावर जाधव. कामावर गेले नाहीत. शेजारी बायको. तिला हॉस्पिटलनंतर आज बघितलं. मी थांबले. जाधव दुसरीकडे बघत राहिले. ती उठून माझ्याजवळ आली. भांडेल असं वाटलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "काय म्हणाला तो तुम्हाला? नेमकं कसं म्हणाला, तेवढं सांगा."

तोंड उघडलं आणि काहीच आठवेना. ताप आहे म्हणाला की बरं वाटत नाही म्हणाला? मराठीत बोलला की इंग्रजीत? ग्राउंडवर माझ्याशी मराठीत बोलायचा तो, कुणी जवळ नसलं की. त्या दिवशी मुलं जवळ होती. कपाळ आठवतं. शब्द नाहीत. आठवून सांगते म्हटलं तिला. आठवून सांगते! तेवढ्यात घंटा झाली आणि मी इकडे आले.

आता शिपाई आलाय, तुम्हालाही आत बोलावलंय म्हणून. प्रिं.चा आवाज इथवर येतोय, गोड.

नंदिनी वऱ्हांड्यात उभी आहे, तास सोडून. मीपण येते म्हणतेय. तिला शब्द न् शब्द आठवतो. पण आत नेली तर तिचं दहावीचं वर्ष... आणि नाही नेली तर त्या आईला काय सांगू?

शिपाई दारातच थांबलाय. नंदिनीही.