प्रबंध करू की नको

१४ जून
धम्मदीपा मॅडमनी आज वर्गाबाहेर थांबवलं. म्हणाल्या, समाजशास्त्रात चौथं वर्ष कर. ऑनर्स. स्वतःचा संशोधन प्रबंध लिही. अख्ख्या कॉलेजातून तिघंच पात्र — त्यात मी! फॉर्म २५ तारखेपर्यंत. वाशीमहून तांड्याच्या फाट्यापर्यंत एसटीत उभी होते, पाय दुखल्याचं घरी आल्यावर कळलं.

१५ जून
बाबांना सांगितलं. "रंजीता, तीन वर्साची डिग्री भेटून राह्यली ना? मंग चौथं वरीस कायले? पोलीस भरतीची तयारी कर."
आई सोयाबीनचं बियाणं निवडत राहिली.
बाबा चुकीचे नाहीत. तेच तर वाईट.

१८ जून
मॅडम म्हणाल्या होत्या, एक मुलाखत घेऊन बघ, मग ठरव. विषय धरला — दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला जातो तेव्हा मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या. वही घेऊन शेजारच्या धुरपताबाईकडं गेले. तुम्ही सहा महिने काय करता?
"लोकायचे लेकरं सांभाळतो. तुले बी म्याच सांभाळलं. दोन सालाची होती तू. मलेच याडी म्हने. तुही माय कारखान्यावरून आली तं तिच्याकडं जायेच ना! माह्या लुगड्याआड लपली."
हसत सांगत होती. मीही लिहीत होते. मग हात थांबला.
याडी! आमच्या बंजारा बोलीत आईला म्हणायचा शब्द.

१९ जून
आईकडं बघवत नाही. तिनं हे कधीच सांगितलं नाही.

२१ जून
मॅडमना फोन करून हे सांगितलं. "अगं, हाच तुझा प्रबंध! म्हाताऱ्या नाही, मागं ठेवलेली मुलं!" किती खूश झाल्या. मला रागच आला. आमच्या घरचं दुखणं, आणि मी त्याची प्रकरणं पाडू? पंचवीस बायांसमोर बसून विचारू — तुमचं लेकरू तुम्हाला विसरलं होतं का?
नाही जमणार. भरती बरी.

२३ जून
वावरात आईला म्हटलं, फॉर्म भरत नाही.
"काहून?"
सांगून टाकलं. धुरपताबाई काय म्हणाली ते सगळं.
आईची मूठ बियाण्यासकट तशीच राहिली. "तिनं सांगतलं व्हय तुले." एवढंच. पेरत पुढच्या ओळीला लागली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही.
काय करून बसले मी!

२४ जून
अजून बोलत नाही. जेवायला वाढलं, ताट सरकवलं, आत गेली. बाबा विचारतात, मायलेकीचं काय बिनसलं?

२५ जून
फॉर्म देऊन आले.
खरं तर मॅडमना नाही म्हणायलाच निघाले होते. आई फाट्यापर्यंत सोबत आली. एसटी वळणावर दिसली तेव्हा बोलली —
"माही माय तोडीवरून आली तं म्या बी तिले वळखलं नव्हतं. तिले बाई म्हनलं व्हतं म्या. जाय, लिही."