वाक्य खरं हवं

प्रिय भांडकुदळबाई,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, पण बाबांपेक्षा कमीच. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू 'बरं आई, ठेवते, काम आहे' म्हणून मोकळी होतेस. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

तुला बोलले नव्हते, पण मी इंग्रजीच्या क्लासला जाते. हसलीस ना? हस बाई, तेवढंच बरं वाटेल मला. आमच्या कारखान्यात हल्ली पडद्यांच्या ऑर्डरी बाहेरून येतात आणि मापांखालच्या सूचना सगळ्या इंग्रजीत. दर वेळी सुपरवायझरच्या तोंडाकडे बघायचा कंटाळा आला, म्हणून नाव घातलं. बाबा म्हणतात, मी संध्याकाळच्या भांड्यांतून सुटायला जाते. तेही अगदीच खोटं नाही. लाँड्रीच्या वर एक खोली आहे, खालून इस्त्रीची ऊब येते आणि बाकांवर आम्ही सगळी घोडी दाटीवाटीने बसतो.

आमच्या बाई तुझ्याहून लहान असतील, पण शिस्त कडक. त्यांचा नियम असा की वाक्य खरं हवं. पुस्तकातला राजा आणि बागेतली फुलं चालत नाहीत, स्वतःचं काहीतरी सांगायचं. आणि एकाचं वाक्य झालं की शेजारच्याने लगेच 'शॅल आय हेल्प यू?' असं विचारायचं. मी मदत करू का, एवढंच. एकदा कुणीतरी 'मला झोप येते' म्हणालं, तरी शेजारणीने इमानदारीत मदत विचारली होती.

मागे एकदा बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम'. म्हणजे मला जड जातंय. पुढे जे जड जातंय ते जोडायचं. मी लगेच हात वर केला आणि 'थ्रेडिंग द नीडल' असं जोडून दाखवलं. सुईत दोरा ओवणं जड जातंय. टाळ्या पडल्या, मी अशी फुशारले की विचारू नकोस. वर्गात कुलपं दुरुस्त करणारे एक आहेत, त्या कुलूपवाल्यांचं वाक्य असं की त्यांना जावयाची थट्टा कळणं जड जातं, ते सगळं खरंच धरून बसतात. त्यावर आम्ही पोट धरून हसलो.

मग आमच्यातले बसड्रायव्हर उठले. धिप्पाड गडी, कधी फारसं बोलत नाहीत. घसा खाकरून म्हणाले, 'आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम ईटिंग अलोन.' एकट्याने जेवणं जड जातंय. त्यांची बायको गेल्याचं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पण शेजारी कुलूपवाले होते आणि त्यांना नियम ठाऊक होता. त्यांनी पाठ केलेलं वाक्य तसंच म्हणून टाकलं, 'शॅल आय हेल्प यू?' ड्रायव्हर म्हणाले, 'येस, प्लीज.' आता दोघं क्लासच्या आधी लाँड्रीपुढच्या बाकावर डबे उघडतात. परवा मीही बसले. ड्रायव्हर भाजी बरी करतात, मिठाला मात्र हात सैल आहे.

मराठीत ते हे बोलले असते असं मला वाटत नाही. आपल्याकडे 'कसं काय?' विचारलं की 'मजेत'. अंग तापाने फणफणत असलं तरी मजेत. तुझे आजोबा तर ऑपरेशनला आत नेताना डॉक्टरांना मजेत म्हणाले होते. तूही त्यांचीच नात.

पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, सुई झाली, आता दुसरं वाक्य. मी उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, 'आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम बिलीव्हिंग माय डॉटर.' लेकीचं खरं मानणं जड जातंय. सगळ्यांना वाटलं तू काही लफडं केलंस. मग मी सरळ मराठीत सांगितलं. नव्या शहरात गेलीस तेव्हा तू तास तास तक्रारी करायचीस. घरमालकीण, प्रयोगशाळेतला सारखा बंद पडणारा फ्रिज, माझे टोमणे. हल्ली एकही तक्रार नाही. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणतेस, तो काही दुरुस्त होत नाही. 'छान आहे' म्हणतेस ते इतकं बारीक की मला फोन कानात खुपसावा लागतो. परवा मी मुद्दाम तुझ्या नोकरीला नावं ठेवली. एरवी तू मला फाडून खाल्लं असतंस. तू म्हणालीस, 'हो आई, खरंय.' त्यापेक्षा भांडली असतीस तर मी सुखाने जेवले असते.

वर्गात ड्रायव्हर शेजारी होते, त्यांनी नियमाप्रमाणे मदत विचारली. मी वहीच मिटली, तेव्हा ते इंग्रजी सोडून म्हणाले, 'ताई, क्लास कुठे पळून जात नाही. आधी पोरीकडे जाऊन या.'

म्हणून हे पत्र. त्यांनीच मला गुरुवारच्या बसची खिडकीजवळची जागा मिळवून दिली. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी निघालेली असेन, त्यामुळे 'नको येऊस' म्हणायची सोय नाही. काय झालंय ते सांगायलाच हवं असंही नाही. नोकरी नकोशी झाली असेल, कुणी मन मोडलं असेल, की नुसतंच सकाळी उठवत नसेल, मला सगळं चालेल. पण आई येतेय म्हणून घर आवरायला उठू नकोस. भांडी मोरीत, कपडे खुर्चीवर आणि तू अंथरुणात, जे जसं असेल तसं राहू दे. फक्त दाराची कडी काढून ठेव.

वाटेतच असलेली,
तुझीच आई