टाचेचं रक्त

३ तारीख
लागलो बुवा कामाला! भावोजींनी शब्द टाकला आणि मी या बाळंतपणाच्या दवाखान्यात, लॅबमध्ये चिकटलो. सातवीतून पळालेल्या माझ्या अंगावर पांढरा कोट, गावी सांगितलं तर खोटं वाटेल. काम सोपं आहे. वॉर्डातून बायांच्या नि नव्या बाळांच्या रक्ताच्या नळ्या आणायच्या, लॅबवाल्या काकांना द्यायच्या. बाळाच्या टाचेला टोचून थेंब थेंब काढतात. मग तांबड्या पेशी किती, पांढऱ्या किती, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट किती, ते मोजायचं. आमच्या ताईला आठवा लागलाय, तिचंही नाव इथेच घातलंय. म्हणते, मामा होणं म्हणजे खायचं काम नाही, आधी रोज अंघोळ करायला शीक.

७ तारीख
काकांनी आज दार लोटलं आणि सगळ्या नळ्या बेसिनमध्ये ओतल्या. मशीनवरचं कापड काढलंसुद्धा नाही. मग चहा पीत आकडे ठोकले, सगळे नॉर्मल. मी तोंड वासून बघतोय तर म्हणाले, बाळं सगळी सारखीच असतात रे, तू नळ सोड. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सोडला. रक्त भोकातून जाताना आवाज आला, चुटुक चुटुक. बाळ अंगावर पितं तसा.

१० तारीख
नळ बंद असला तरी तो आवाज येतो. ज्या बाळाचं रक्त ओततात ते संध्याकाळपर्यंत पांढरंफटक. अंगावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके. सिस्टर म्हणाली, रिपोर्ट चांगलाय, मग असं कसं? डॉक्टरला गाठून सगळं सांगितलं. म्हणाला, तू नळ्या ने-आण कर, पेशी आम्ही बघतो. कप्पाळ बघतोस!

१२ तारीख
ताईचे पाय, तोंड सुजलंय. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. मी वॉर्डात असताना काकांनी तिचीही नळी ओतली. रिपोर्ट नॉर्मल. दुसरीकडे चल म्हणून भांड भांड भांडलो. भावोजी म्हणाले, डॉक्टर तुझ्यापेक्षा जास्त शिकलाय. शिकलाय म्हणे!

१३ तारीख
ताईला झटके आले. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. ताई शुद्धीवर नाही. पोरीच्या मांडीवर तेच ठिपके, ताईचं रक्त ओतलं ते तिलाही भोवलं— सिस्टरने तिच्या टाचेची नळी माझ्याच हातात दिली.
काकांना ढकलून बाहेर काढलं. कडी घातली. कापड ओढलं.
खाली मशीनच नाही. रिकामं खोकं.

दुपार
नळी बाहेरच्या लॅबला न्यायची होती. पण बूच घट्ट आहे तरी आतलं रक्त उतरतंय. बेसिन चोखतंय. काका दार बडवतायत, पाणी सोड, ओत ते, नाहीतर ते बेसिन तुला—
म्हणजे माहीत होतं! माहीत होतं मेल्याला!

पोरीचं रडणं बारीक होतंय. इथवर ऐकू येतंय.
बोट कापलं, भोकात घातलं. घे. मोठ्याचं घे, हलकटा—
नळीतलं थांबलं. पोरीने टाहो फोडला. रड गं, रड—

हात निघत नाही. मनगट आत गेलं. डाव्या हाताने लिहितोय. भावोजी, दोघींना इथून न्या. आत्ता. तिच्या टाचेला इथे परत कुणाला टोचू देऊ न—