पडद्यामागून पाहिलेला हात

ढाणकी, ८ जानेवारी १९६१
बाजाराच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आहे. पडदा मधोमध. पुरुष पडद्यापुढे, बायका पडद्यामागे. आम्हांला चित्र उलटे दिसते, डावे ते उजवे. ह्यांच्यासोबत गेले, म्हणजे दारापर्यंत. आत तांड्यावरची जमनी, आमची दूधवाली, जवळ बसली.

गोष्ट साधी. नवऱ्याचा बायकोवर फार जीव. तिने काय खावे, केस कसे बांधावे, तोच ठरवतो. मग तिच्या हातावर स्वतःचे नाव गोंदवतो. मग मानेवर. शेवटी ती तापलेला चिमटा उचलते नि हातावरचे नाव जाळते. तो हात पडदाभर. वाऱ्याने कापड हलले, कातडी शहारली.

जमनी हळूच म्हणाली, "बाई, आपल्यालेच दाखवून राह्यली थो हात."

९ जाने.
वर्गात मुलांना कविता शिकवताना दोनदा थांबले. एवढा मोठा हात कधी पाहिला नव्हता. देवाचाही.

जेवताना हे म्हणाले, "काय प्रेम होतं त्याचं. शेवट तेवढा बिघडवला." मग माझे मनगट धरून, "बाजाराच्या दिवशी गोंदवून घेऊ. माझं नाव. उजव्या हातावर, तिच्यासारखं."
मी म्हटले, तिचा डावा होता.
हसले. "उजवाच. मी समोर बसलो होतो."

१२ जाने.
पुन्हा गेले, जमनीच्या सोबतीने. उलटे दिसते हे ठाऊक आहे. तरी हात डावाच.

परतताना तिला गोंदण्याचे सांगितले. तिचे हात कोपरापर्यंत गोंदलेले. "मी एवढुशी होती. दोघीनं धरून ठेवलं. मले कोनं इचारलं? तुमाले तं इचारून राह्यले ना? मंग बोला."
ह्यांनी विचारले नाही, सांगितले.

१५ जाने. बाजार.
मिरचीचा खकाणा. ह्यांनी नाव कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलेले. गोंदणारीने माझे मनगट ओल्या फडक्याने पुसले. "लय नरम हाय. कोनता हात, भाऊ?"
"उजवा."
मी म्हटले, "मला विचारा."
तिने सुया खाली ठेवल्या. "सांग, बाई."

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आज नाही." आवाज माझाच, पहिल्यांदाच ऐकत होते.

नावाचा कागद ह्यांनी घडी करून खिशात ठेवला. फाडला नाही.